रेझ्युमे अ‍ॅपसाठी प्लगइन लिहिताना: पहिल्या विचारापासून मंजुरीपर्यंत

माझी एक मैत्रीण संशोधक आहे. तिचे शोधनिबंध चाळिशीच्या घरात. कुठे अर्ज करायचा म्हटलं की तिच्या दोन संध्याकाळी फक्त यादी भरण्यात जायच्या: शीर्षक, नियतकालिक, वर्ष, सहलेखक, दुवा. ती वापरते ते रेझ्युमे अ‍ॅप ब्राउझरमध्ये चालतं, त्याचा कोड खुला आहे आणि त्यात शोधनिबंधांचा वेगळा विभागही आहे. पण प्रत्येक नोंद हातानेच भरावी लागते. अ‍ॅपला प्लगइनची, म्हणजे बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामची, सोय आहे हे मला ठाऊक होतं आणि जावास्क्रिप्ट मला येते. म्हणून मागच्या नोव्हेंबरात मी तिला म्हटलं, ‘नुसता डीओआय टाकलास की बाकीची नोंद भरली जाईल, असं काहीतरी करून देते.’ डीओआय म्हणजे शोधनिबंधाला दिला जाणारा कायमचा ओळखक्रमांक.

ते प्लगइन जूनमध्ये अ‍ॅपच्या अधिकृत यादीत आलं. अ‍ॅपचं नाव इथे देत नाही, कारण या पद्धतीची अ‍ॅप्स बरीच आहेत आणि माझ्या अनुभवातला बहुतेक भाग त्या सगळ्यांना लागू पडेल. मदतपानं हवी तेवढी होती. नव्हतं ते एवढंच, की कशानंतर काय येतं, कुठे थांबावं लागतं आणि कोणता निर्णय नंतर बदलता येत नाही, हे कुणी ओळीने सांगितलेलं. ते मी इथे सांगते आहे.

पहिला प्रश्न होता तो प्लगइन लिहावं की अ‍ॅपचाच कोड बदलावा, हा. फोर्क करून, म्हणजे कोडची आपली वेगळी प्रत काढून, त्या विभागात एक बटण घालणं सोपं होतं. पण फोर्क केला की मूळ अ‍ॅपची प्रत्येक नवी आवृत्ती आपण ओढून आणायची, दोघांचे बदल एकमेकांत अडकले की ते (मर्ज कॉन्फ्लिक्ट) सोडवायचे, सुरक्षेची दुरुस्ती आली की तातडीने बसायचं. शिवाय मैत्रिणीला मी चालवत असलेल्या सर्व्हरवर यावं लागलं असतं, म्हणजे तिचा सगळा रेझ्युमे माझ्या ताब्यात. ते मला नको होतं. प्लगइनमध्ये तिचा डेटा तिच्याच खात्यात राहतो आणि माझा कोड तिथे पाहुणा म्हणून येतो. जिथे पाच-दहा लोकांना एकच सोय हवी आहे आणि मूळ अ‍ॅपचा गाभा बदलायचा नाही, तिथे प्लगइनच बरं, असं माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे.

डिसेंबरचा बराचसा भाग मी कोड न लिहिता घालवला. अ‍ॅप आपला डेटा ‘जेसन रेझ्युमे’ या खुल्या आराखड्यात ठेवतं (जेसन म्हणजे डेटा मजकुराच्या रूपात लिहिण्याची एक पद्धत). हा आराखडा २०१४ पासून आहे. त्यात मूळ माहिती, काम, शिक्षण, पुरस्कार, प्रमाणपत्रं, प्रकाशनं, कौशल्यं, भाषा, प्रकल्प असे विभाग ठरलेले आहेत आणि प्रत्येक विभागातल्या रकान्यांची नावंही. तुमचं अ‍ॅप कोणताही आराखडा वापरत असो, तो आधी पूर्ण वाचा. वाचताना एक यादी करा: मला काय साठवायचं आहे, आणि त्यासाठी आराखड्यात जागा आहे का?

माझ्या यादीत लगेच खोट निघाली. प्रकाशनाच्या नोंदीत शीर्षक, प्रकाशक, प्रकाशनाची तारीख, दुवा आणि सारांश एवढेच रकाने आहेत. लेखकांसाठी रकानाच नाही! डीओआयसाठीही नाही. संशोधकाच्या रेझ्युमेत लेखकांचा क्रम हाच कित्येकदा मुख्य मजकूर असतो. पहिलं नाव कुणाचं, शेवटचं कुणाचं, यावरून वाचणारा अंदाज बांधतो. तो ठेवायचा कुठे?

या एका प्रश्नावर मी जवळपास दोन आठवडे अडले, आणि ते दोन आठवडे सगळ्यात कारणी लागले असं मला वाटतं. आराखडा जास्तीचे रकाने चालवून घेतो. म्हणजे मी स्वतःच्या नावाचा एक रकाना काढून त्यात लेखकांची क्रमवार यादी आणि डीओआय ठेवू शकत होते. पण तो रकाना वाचणार कोण? फक्त माझं प्लगइन. उद्या मैत्रिणीने प्लगइन काढून टाकलं, किंवा आपली फाइल दुसऱ्या अ‍ॅपमध्ये नेली, तर सहलेखक दिसेनासे होणार. दुसरा मार्ग म्हणजे नावं सारांशातच साध्या मजकुरात लिहिणं. ती कुठेही दिसतील, पण मग शैली बदलायची झाली, आद्याक्षरं आधी की आडनाव आधी, तर मजकुरातून नावं पुन्हा वेगळी काढावी लागणार, आणि ते खात्रीने जमत नाही.

शेवटी दोन्ही केलं. नीट मांडलेला डेटा स्वतंत्र रकान्यात, आणि त्यातून तयार केलेली वाचनीय ओळ सारांशात. वर वहीत एक नियम लिहून ठेवला: प्लगइन काढल्यावरही रेझ्युमे पूर्ण वाचता आला पाहिजे. पुढचे बरेच निर्णय या नियमाने आपोआप झाले. सारांशात वापरकर्त्याने आधीच काही लिहिलं असेल तर त्याला हात लावायचा नाही, जुनं आणि नवं शेजारी दाखवून विचारायचं. स्वतंत्र रकान्याला प्लगइनचं पूर्ण नाव द्यायचं, ‘लेखक’ असं सुटसुटीत नाव नाही, कारण उद्या आराखड्यात त्याच नावाचा रकाना आला तर दोघांची टक्कर होईल. रकान्याचं नाव एकदा लोकांच्या फाइलींमध्ये गेलं की मागे घेता येत नाही. बाकी कोड कधीही बदलता येतो, हे मात्र आधीच ठरवावं लागतं.

जानेवारीत प्रत्यक्ष लिहायला घेतलं. अ‍ॅप प्रत्येक प्लगइन एका आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातल्या वेगळ्या चौकटीत, चालवतं आणि त्या आयफ्रेमला सँडबॉक्स लावलेला असतो: स्क्रिप्ट चालवायची मुभा, बाकी काही नाही. हे कडक वाटतं, पण त्याचं कारण पटण्यासारखं आहे. रेझ्युमेत माणसाचा फोन नंबर, पत्ता, नोकऱ्यांमधल्या रिकाम्या जागा, सगळं असतं. कुणा अनोळखी माणसाचा कोड त्याच पानावर मोकळा सोडला तर तो हे सगळं वाचू शकतो आणि कुठेही पाठवू शकतो. सँडबॉक्समध्ये प्लगइनला अ‍ॅपच्या पानाला स्पर्शही करता येत नाही. दोघांनी एकमेकांना निरोप पाठवायचे, एवढंच.

त्याचे परिणाम मात्र पहिल्याच दिवशी जाणवतात. लोकलस्टोरेजला, म्हणजे ब्राउझरमधल्या साठवणीला, हात लावला की ब्राउझर सुरक्षेची त्रुटी देतो, कारण अशा आयफ्रेमला स्वतःचं ‘मूळ’ (ओरिजिन, म्हणजे कोणत्या वेबपत्त्यावरून आलं ती ओळख) नसतं. म्हणून ‘आद्याक्षरं आधी’ ही वापरकर्त्याची साधी पसंतीसुद्धा अ‍ॅपला निरोप पाठवून साठवायला सांगावी लागते. अ‍ॅपच्या बाजूला प्लगइनचा निरोप येतो तेव्हा पाठवणाऱ्याचं मूळ ‘नल’ असं दिसतं, त्यामुळे तो कुठल्या खिडकीतून आला हे पाहूनच अ‍ॅप ओळख पटवतं. निरोपातून फंक्शन पाठवता येत नाही, फक्त डेटा जातो. फॉर्म सबमिट होत नाही, कारण त्याची वेगळी परवानगी लागते. मी फॉर्म काढून साधं बटण ठेवलं आणि एंटर कळ वेगळी पकडली. या चार गोष्टी आधी माहीत असल्या तर तुमचे बरेच तास वाचतील. आणखी एक: प्लगइनकडून अ‍ॅपला निरोप पाठवताना ‘कुणालाही’ अशी खूण वापरू नका, अ‍ॅपचा नेमका पत्ता द्या. त्या निरोपात कुणाचा तरी रेझ्युमे असतो.

मॅनिफेस्ट फाइल लहानशी: नाव, आवृत्ती, सुरुवातीची फाइल, अ‍ॅपच्या कोणत्या आवृत्त्यांशी जमतं, आणि परवानग्या. परवानग्यांपाशी थांबून विचार करा. ‘पूर्ण रेझ्युमे वाचणे’ ही एक परवानगी होती आणि ‘एकच विभाग वाचणे’ ही दुसरी. पहिली घेतली की काम सोपं. मी दुसरी घेतली. मला प्रकाशनांपलीकडे काही बघायचंच नव्हतं, आणि प्लगइन बसवताना समोर येणाऱ्या खिडकीत ‘तुमचा संपूर्ण रेझ्युमे वाचेल’ असं वाचून मी स्वतः मागे फिरले असते.

डीओआयवरून माहिती आणण्याचा भाग मला वाटला होता त्याहून रंजक निघाला. क्रॉसरेफ ही संस्था प्रकाशकांकडून आलेली शोधनिबंधांची माहिती खुली ठेवते. तिच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामने माहिती मागायच्या सोयीला, नोंदणी लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि ब्राउझरमधून थेट विचारता येतं. विनंतीसोबत संपर्काचा ईमेल दिला तर ती ‘सभ्य’ गटात धरली जाते, म्हणजे काही बिघडलं तर ते तुम्हाला कळवू शकतात. इथे वापरकर्त्याचा ईमेल कधीही पाठवू नका, रेझ्युमेत तो हाताशी असला तरी. प्लगइनसाठी मी एक वेगळा ईमेल उघडला आणि तोच देते.

उत्तरात येणारा डेटा प्रकाशकागणिक बदलतो. शीर्षक एकटं येत नाही, यादीच्या रूपात येतं. काही शीर्षकांमध्ये तिरप्या अक्षरांच्या किंवा खालच्या अंकांच्या एचटीएमएल खुणा असतात, कारण जिवाणूंची नावं आणि रासायनिक सूत्रं तशी छापली जातात. अशा खुणा आल्या की शीर्षक थेट पानात एचटीएमएल म्हणून ओतायचा मोह होतो. तो टाळा. बाहेरून आलेला मजकूर नेहमी साधा मजकूर म्हणूनच ठेवावा. मी तिरपी, खालची आणि वरची अक्षरं एवढ्याच खुणा ओळखून स्वतः नव्याने बांधते, बाकी सगळं गाळते. लेखकांमध्ये आडनाव आणि नाव वेगळं येतं, पण काही नोंदींमध्ये लेखक म्हणून एखादा गट असतो आणि त्याला आडनाव नसतंच. एकच नाव लावणारी माणसंही असतात. ‘आडनाव नसेल तर नोंद चुकीची’ असं कोडमध्ये धरलं, तर खऱ्या माणसांची नावं गळतात.

तारखांचं तर विचारूच नका. छापील प्रकाशनाची तारीख वेगळी, ऑनलाइन आल्याची वेगळी, आणि दोहोंपैकी आधीची तिसऱ्या रकान्यात. तारीख तुकड्यांत येते: कधी वर्ष, महिना, दिवस, कधी नुसतं वर्ष. मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, ‘अगं, डिसेंबरात ऑनलाइन आलेला निबंध पुढच्या वर्षीच्या अंकात छापला जातो. कोणतं वर्ष द्यायचं ते अर्ज कुणाकडे आहे त्यावर ठरतं.’ म्हणजे हा निर्णय प्लगइनचा नाहीच. दोन्ही वर्षं दाखवायची आणि तिला निवडू द्यायचं, एवढं माझं काम.

शिवाय सगळे डीओआय क्रॉसरेफकडे नसतात. डेटासेट आणि सॉफ्टवेअरचे डीओआय बहुधा डेटासाइट ही दुसरी संस्था देते, आणि ते क्रॉसरेफला विचारले तर ‘सापडलं नाही’ असं उत्तर येतं. त्यावर उपाय आहे: डीओआयच्याच मुख्य पत्त्याला विनंती करायची आणि हेडरमध्ये सांगायचं की मला वेबपान नको, संदर्भाचा जेसन हवा. नोंदणी या दोघींपैकी कुणाकडेही असली तरी उत्तर मिळतं. हे मला फेब्रुवारीत उशिरा कळलं आणि त्यासाठी मॅनिफेस्टमध्ये आणखी पत्त्यांची परवानगी जोडावी लागली.

तारखांवरून आणखी एक गोष्ट, आणि ही रेझ्युमेशी संबंधित कुठल्याही प्लगइनला लागू आहे. जेसन रेझ्युमेत तारीख नुसती वर्ष, किंवा वर्ष-महिना, किंवा पूर्ण अशी लिहिता येते. ‘२०२१-०५’ हा मजकूर जावास्क्रिप्टच्या तारीख-वस्तूत टाकला की तो जागतिक प्रमाणवेळेनुसार एक मेच्या मध्यरात्रीचा क्षण समजला जातो. मग तोच क्षण ग्रिनिचच्या पश्चिमेकडच्या कालपट्ट्यात दाखवला की तिथे अजून तीस एप्रिलची संध्याकाळ असते, आणि रेझ्युमेवर ‘एप्रिल २०२१’ छापलं जातं. पूर्वेकडे बसलेल्या माणसाला हे कधीच दिसत नाही. नोकरी सुरू झाल्याचा महिना कागदपत्रांशी जुळला नाही तर मुलाखतीत प्रश्न येतो, आणि बिचाऱ्या उमेदवाराला त्याचं कारणही ठाऊक नसतं. म्हणून रेझ्युमेतल्या तारखा तारीख-वस्तूत घालूच नका. मजकूर आडव्या रेघेवर तोडा, महिन्याचा आकडा घ्या, त्याचं नाव लावा. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये सेन्सर्स नावाचा भाग आहे. तिथे दुसरं ठिकाण निवडलं की कालपट्टाही बदलतो. प्रत्येक तारीख मी तिथून एकदा पश्चिमेकडे नेऊन तपासते.

मार्चमध्ये डेटा नीट येऊ लागला आणि मी पीडीएफकडे वळले. प्लगइनने भरलेला विभाग पडद्यावर चांगला दिसतो म्हणजे कागदावरही दिसेल, असं नसतं. चाळीस नोंदींची यादी दोन-तीन पानांवर पसरते, आणि एखाद्या नोंदीची पहिली ओळ एका पानाच्या तळाशी, उरलेली पुढच्या पानावर, असं तुटतं. ‘या खोक्याच्या आत पान तोडू नको’ हा सीएसएसचा (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचा) नियम प्रत्येक नोंदीला लावला, पूर्ण यादीला नाही. पूर्ण यादीला लावला तर ती एका पानात मावतच नाही आणि नियम निष्फळ ठरतो. ए-फोर आणि लेटर हे दोन्ही कागद तपासा. लेटर थोडा रुंद आणि जवळपास दोन सेंटिमीटर बुटका असतो, त्यामुळे पानं वेगळ्या जागी तुटतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे पीडीएफमधून मजकूर परत निघतो का. बऱ्याच ठिकाणी अर्ज आधी एखादं सॉफ्टवेअर वाचतं, माणूस नंतर. पॉपलर या संचातली ‘पीडीएफ-टू-टेक्स्ट’ ही छोटी आज्ञा पीडीएफमधला मजकूर काढून दाखवते, आणि ‘पीडीएफ-फॉन्ट्स’ प्रत्येक फॉन्ट आत बसवला आहे का आणि त्याच्याकडे युनिकोडचा नकाशा, म्हणजे कोणता आकार कोणतं अक्षर हे सांगणारी यादी, आहे का ते सांगते. दोन्ही फुकट. मी निर्यात केलेली प्रत्येक पीडीएफ या दोन्हींतून घालवू लागले. दोन स्तंभांच्या साच्यात वर्षं डावीकडे आणि शीर्षकं उजवीकडे ठेवली, तर मजकूर काढताना कधी आधी सगळी वर्षं येतात आणि मग सगळी शीर्षकं. म्हणून माझा साचा एकस्तंभी आहे, वर्ष शीर्षकाच्या शेवटी. दिसायला साधा आहे, पण त्याबद्दल मी तडजोड करणार नाही.

देवनागरी नावांनी वेगळी परीक्षा घेतली. ब्राउझरमध्येच पीडीएफ तयार करणाऱ्या काही लायब्ररी अक्षरं एकामागून एक ठेवतात. जोडाक्षरं जुळवणं आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणणं हे काम त्यांना येत नाही. ‘क्षितिज’ हे नाव मोडून विखुरतं. ब्राउझरची स्वतःची छपाई हे बरोबर करते, कारण त्यामागे अक्षरजुळणीचं पूर्ण यंत्र असतं. म्हणून मी पीडीएफ लायब्ररीचा विचार सोडला आणि छपाईचाच मार्ग धरला. आणि लांब नाव कापायची वेळ आली तर लांबी कोड-एककांत मोजू नका. ‘क्षि’ हे वाचणाऱ्याला एक अक्षर असलं तरी संगणकाला ती चार चिन्हं आहेत, आणि मधे कापलं तर उरलेलं अक्षर चुकीचं दिसतं. ब्राउझरमध्ये ‘इंटल सेगमेंटर’ नावाची सोय याच कामासाठी आहे. फायरफॉक्समध्ये ती २०२४ मध्ये आली, त्यामुळे आता तिच्यावर भरवसा ठेवता येतो.

एप्रिलमध्ये काही ओळखीच्या लोकांना वापरायला दिलं. हा टप्पा माझ्यासाठी भावनिक ठरला, हे मोकळेपणाने सांगते. एकाने बग कळवताना आपला पूर्ण रेझ्युमे जोडून पाठवला. त्यात मधली काही वर्षं रिकामी होती आणि त्याचं कारणही त्याने लिहिलं होतं, खासगी कारण. मी फाइल पुढे न वाचता पुसली आणि त्याला तसं कळवलं. त्या रात्री बग कळवण्याचा नमुना बदलला: रेझ्युमे जोडू नका, फक्त डीओआय आणि त्रुटीचा मजकूर द्या. सोबत एक खोटा रेझ्युमे तयार करून ठेवला, ज्यात सगळी अवघड उदाहरणं आहेत: एकच नाव असलेला लेखक, गट-लेखक, नुसतं वर्ष, खूप लांब शीर्षक, उजवीकडून डावीकडे लिहिलेलं नाव, तारीख नसलेला निबंध. लोकांनी या फाइलवर बिघाड दाखवावा. तुम्ही प्लगइन करणार असाल तर ही फाइल पहिल्याच आठवड्यात बनवा.

मेमध्ये प्रकाशनाची कागदपत्रं. इथे पैसे लागले नाहीत, संयम लागला.

परवान्यापासून सुरुवात. अ‍ॅप एजीपीएल या खुल्या कोडच्या परवान्याखाली आहे. प्लगइनने कोणता परवाना घ्यावा याचा नियम त्यांच्या मदतपानात स्पष्ट होता, आणि मी अ‍ॅपचाच परवाना घेतला. सोबत दिलेल्या फॉन्टचा परवाना वेगळा असतो, बहुधा एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स, आणि त्याची प्रत पॅकेजमध्ये ठेवावी लागते. प्रत्येक कमिटवर (कोडच्या नोंदवलेल्या बदलावर) सही हवी होती, म्हणजे ‘हा कोड द्यायचा हक्क मला आहे’ असं सांगणारी एक ओळ. गिटमध्ये, म्हणजे कोडमधले बदल जपणाऱ्या साधनात, कमिट करताना एक लहान पर्याय दिला की ती आपोआप येते. आधीच्या सगळ्या कमिटवर ती नंतर घालणं मात्र कंटाळवाणं आहे, तेव्हा पहिल्या दिवसापासून लावा.

पॅकेज एनपीएमवर, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजच्या सार्वजनिक भांडारात, ठेवायचं होतं. खातं फुकट, दोन टप्प्यांची ओळख लावून घ्यावी. स्वतःच्या नावाखालचं पॅकेज पहिल्यांदा प्रकाशित करताना ते खासगी धरलं जातं आणि ‘४०२, पैसे भरा’ असा निरोप येतो. घाबरू नका, आज्ञेत ‘सार्वजनिक’ असं सांगितलं की होतं. प्रकाशित करण्याआधी कोरडी फेरी (ड्राय रन, म्हणजे काहीही न पाठवता केलेली तालीम) मारून कोणत्या फाइली जाणार आहेत ते बघा, कारण एकदा वापरलेला आवृत्ती-क्रमांक पुन्हा कधीच वापरता येत नाही, पॅकेज मागे घेतलं तरीही. मागे घेणंसुद्धा पहिल्या ७२ तासांत, आणि तेही दुसरं कुठलं पॅकेज त्यावर अवलंबून नसेल तरच सोपं असतं. २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे चिमुकलं पॅकेज मागे घेतलं गेलं आणि जगभरचे प्रकल्प अडले, तेव्हापासून हे नियम कडक झाले.

मग अ‍ॅपच्या यादीसाठी पुल रिक्वेस्ट, म्हणजे ‘हा बदल सामावून घ्या’ अशी विनंती. सोबत मॅनिफेस्ट, पडद्याची चित्रं आणि खासगीपणाचं निवेदन. निवेदनात मी सोप्या शब्दांत लिहिलं: फक्त तुम्ही टाकलेला डीओआय बाहेर जातो, या या पत्त्यांवर, बाकी काही जात नाही, माझ्याकडे काही साठत नाही. हे लिहिताना कोड पुन्हा तपासला जातो, हा त्याचा खरा फायदा.

त्यानंतर वाट. तपासणारे सगळे स्वयंसेवक, आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करणारे. तीन आठवडे काहीच हाललं नाही. मी दोन आठवड्यांनी एकच नम्र विचारणा केली, त्यापेक्षा जास्त नाही. या काळात अस्वस्थ वाटतं. आपलं काम कुणाला नकोच आहे असं मनात येतं. तेव्हा मी मदतपान लिहायला घेतलं, आणि वेळ गेला.

पहिली तपासणी आली ती नेमकी आणि मनापासून केलेली होती. दाबून लहान केलेला कोड चालणार नाही, वाचता येईल असाच द्या. फिकट करड्या रंगातलं वर्ष पांढऱ्यावर नीट दिसत नाही. सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ इतका फरक हवा. माउसशिवाय, नुसत्या कळांनी निवड करता आली पाहिजे. आणि नेटवर्क बंद असताना काय दिसतं? या शेवटच्या प्रश्नाचं मला फार कौतुक वाटलं. डीओआय सापडला नाही, सेवा बंद आहे, आणि इंटरनेट नाही, या तिन्ही वेळी प्लगइन ‘त्रुटी’ एवढंच म्हणत होतं. आता तिन्हींना वेगळा मजकूर आहे, आणि तिन्ही वेळी हाताने भरायचा मार्ग उघडा राहतो. दुरुस्त्या पाठवल्यावर दुसरी फेरी लवकर झाली आणि जूनच्या मध्यावर प्लगइन यादीत आलं.

खर्चाचा हिशेब विचारणाऱ्यांसाठी: पैसे शून्य, कारण सर्व्हर नाही, सगळं वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालतं. वेळ मात्र साताठ महिन्यांतल्या बहुतेक शनिवार-रविवारांचा. त्यातला कोड लिहिण्याचा वाटा निम्म्याहूनही कमी असेल.

ऑगस्टमध्ये अ‍ॅपची मोठी आवृत्ती आली आणि निरोपांची रचना बदलली. मॅनिफेस्टमध्ये मी जुन्या मोठ्या आवृत्तीपुरतीच हमी दिली होती, म्हणून नव्या अ‍ॅपने प्लगइन लोड करायला नकार दिला आणि वापरणाऱ्यांना तसं सांगितलं. अर्धवट चालून कुणाची यादी बिघडवण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. ‘पुढच्या सगळ्या आवृत्त्यांशी जमतं’ असं लिहिण्याचा मोह टाळा. दुरुस्ती आठवडाभरात गेली, आणि त्या आठवड्यात जुन्या नोंदी सगळ्यांना दिसत राहिल्या, कारण वाचनीय ओळ सारांशात होतीच.

सध्या डेटासेटचं काम चालू आहे. त्यांना डीओआय असतो, पण आराखड्यात त्यांच्यासाठी विभाग नाही. प्रकाशनांत घालावं की प्रकल्पांत, यावर संशोधकांमध्ये दोन मतं आहेत. तुमच्या क्षेत्रात ते रेझ्युमेत कुठे लिहितात, ते कळवलंत तर मला खरंच उपयोग होईल. खोट्या रेझ्युमेची ती फाइल प्लगइनच्या रेपोत (कोडच्या साठ्यात) ‘उदाहरणं’ या फोल्डरमध्ये आहे, कुठल्याही अटीशिवाय उचला. जेसन रेझ्युमे वाचणाऱ्या कोणत्याही अ‍ॅपमध्ये ती उघडेल.